चेहरा जुळत नाही

मोलगीच्या वरच्या पाड्यावर रेवाबाई अंगणवाडी चालवते. पाड्यावर रेंज नाही, म्हणून आमच्याकडची रीत अशी, की बाईनं पोरांची वजनं फोनमध्ये भरायची आणि फोन जीपवाल्या जाहिदकडे द्यायचा. घाट उतरून रेंज आली की माहिती ऑफिसात जायची. बाई वर, फोन खाली, असं वर्षानुवर्षं सुखानं चाललं होतं. पण सुखानं चाललेलं ऑफिसला कुठलं बघवतंय? जुनं अ‍ॅप काढून नवं टाका, असा हुकूम आला. त्यालाही रेंज हवी, मग तेही जाहिदनंच उरकलं.

नव्या अ‍ॅपचा भरवसा वाटेना म्हणून या खेपेला वजनं घेऊन रेवाबाई स्वतःच बाजाराला उतरली. दिवस शेवटचा होता. संध्याकाळपर्यंत वजनं गेली नाहीत, तर पुढचा महिनाभर पाड्यावरच्या पोरांना खाऊची पाकिटं मिळणार नव्हती.

जीपशेजारी उभं राहून तिनं बटण दाबलं. चक्र फिरलं आणि अक्षरं आली : चेहरा जुळत नाही.

तिनं काच पुसली. डोक्यावरचा पदर मागे घेतला. उन्हात उभी राहिली, मग सावलीत. जीपमधल्या सीटवरून मी म्हटलं, नथ काढून बघा. तीही काढली. तरी तेच. आम्हां तिघांनाही काही कळेना. जाहिदनं ऑफिसला फोन लावला. तिकडून थंडपणे उत्तर आलं, "अ‍ॅप काढून परत टाका."

जाहिदनं बोट पुढे केलं तशी रेवाबाईनं फोन छातीशी धरला.

"आत मन्ह्या पोऱ्यासनं वजन शे. पुसायी गयं तं?"

"दखू दे तं," म्हणत जाहिद फोनवर वाकला. टिंग वाजलं. हिरवी खूण आली. एकेक नाव वर सरकू लागलं.

जाहिद कानकोंडा झाला. नवं अ‍ॅप टाकताना फोननं चेहरा मागितला होता आणि सरकारी कामात मागतील ते द्यावं, म्हणून यानं आपलाच दाखवला होता.

वजनं गेली. पाकिटं येणार होती. रेवाबाईच्या चेहऱ्यावर आनंद दिसला नाही. शेवटचं नाव जाईपर्यंत ती पडद्याकडे बघत राहिली. मग नथ घालता घालता म्हणाली, "जाहिदभाई, इतला वरीस पोऱ्यासनं वजन मी करस, अनं तोंड तुन्हं चालस?"