बहिणीला दिलेली कालवड

गप्पांना बसलो की मी आवरत नाही. कुर्डुवाडीत चहाच्या टपरीवर लोक मला ऐकायला दुसरा कप मागवतात. पण हे तिथं कधी निघालं नाही. बायकोजवळसुद्धा नाही. तुम्हालाच का सांगतोय — मलाही नीट ठाऊक नाही.

आमच्याकडं एक जर्सी कालवड होती. दिसायला अशी, की जाणाऱ्यानं थांबून बघावं. किती वेळा भरवली, दर खेपेला उलटली — पुन्हा माजावर, पुन्हा रात्रंदिवस हंबरणं. शेवटी डॉक्टरांनी हात घालून तपासलं. म्हणाले, "पिशवीतच खोट हाय, जन्माची. ही गाभण राहायची न्हाय."

आता करायचं काय तिचं? सारखी उलटते एवढं गावात सगळ्यांना माहीत, घेणार कोण? डॉक्टरांचं बोलणं मात्र मी घरातसुद्धा सांगितलं नव्हतं. रस्त्यावर सोडावी तर लोक नावं ठेवणार. आणि नुसतीच बांधून पेंड चारायची? मला कंटाळा आला होता — हो, कंटाळाच. अडचण वगैरे म्हणत नाही.

तेवढ्यात सुमनची, माझ्या धाकट्या बहिणीची, बार्शीजवळच्या गावात वास्तुशांत निघाली. मला सुचलं. आणि सुचल्यावर मी खूश झालो, हेही ऐका. शिंगांना रंग, पाठीवर झूल, पुढं हलगी — अशी वाजतगाजत टेम्पोतून उतरवली. भर मांडवात सांगितलं, "माहेरची लक्ष्मी हाय. गाभण हाय." बायका ओवाळायला धावल्या. सुमनला लग्नानंतर इतक्या वर्षांत मूल नाही. त्या दिवशी तिच्या सासूनंसुद्धा तिला जवळ घेतलं. मी किती जेवलो, विचारू नका.

माहेरच्या गाईला आमच्यात कुणी बाजार दाखवत नाही. आली ती मरेपर्यंत त्याच दावणीला. हे मला ठाऊक नव्हतं का? त्यावरच तर सगळा बेत होता.

पण एवढंही मी पचवलं असतं. खरी घाण पुढं आहे.

महिनाभरात कालवड माजावर आली. सुमनला वाटलं, गर्भ पडला. तिकडच्या डॉक्टरांनी पिशवी खराब आहे म्हटलं, तर तिनं त्याचा अर्थ काढला — आपल्या दारात आल्यावरच खराब झाली. सासू काय काय बोलते, ते तिनं मला फोनवर हळू आवाजात सांगितलं. मग विचारलं, "दादा, माजा हातच असला हाय का रं?"

खरं सांगायला किती वेळ लागला असता? मी म्हणालो, "असतं गं एकेकीचं." आणि हसलो. हसलो — कळतंय ना तुम्हाला?

गाय अजून तिच्याकडंच आहे. थंडीत ती तिला गरम पाण्यानं धुते.

मागच्या महिन्यात सोलापुरात माझ्या लेकीचं डोहाळजेवण झालं. ओटी भरायला आत्या हवी म्हणून सगळ्या खोळंबल्या होत्या. सुमन दारातून पुढं येईना. ताट तिनं माझ्या बायकोच्या हातात दिलं. म्हणाली, "माजा हात नको, वहिनी."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. अशा वेळी मीच काहीतरी बोलून वेळ मारून नेतो, हे घरात ठरलेलं. मी नेली. एक विनोद केला, चांगला जमला. बायका हसल्या, ओटी दुसऱ्याच कुणी भरली, आणि सुमन मागच्या दारी जाऊन भांडी घासायला बसली.