मुखरूभाऊची दुसरी गाडी

मुखरूभाऊ गाडी डोळ्यांनी पाहतच नाही, कानांनी पाहतो, असं गोंडपिपरीच्या आजूबाजूच्या गावांत सगळे म्हणत. कौतुकानंच म्हणत. एसटीच्या डेपोत चौतीस वर्षं नटबोल्टांवर पाने फिरवलेला माणूस. इंजिन सुरू झालं की मान जराशी तिरपी करायची आणि कुठं काय कुरकुरतंय ते सांगून मोकळं व्हायचं. साठी उलटली तरी कान शाबूत होते. डोळ्यांचं काय, हे कोणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि डाव्यात उतरू लागला होता. ही गोष्ट आपण आणि चंद्रपूरचा डोळ्यांचा डॉक्टर सोडून कोणालाच माहीत नाही, अशी त्याची समजूत होती.

डॉक्टरचं म्हणणं साधं होतं. ऑपरेशन करू, पण महिनाभर स्टेअरिंगला हात लावायचा नाही. हे ऐकलं आणि मुखरूभाऊ तिथून उठूनच आला. महिनाभर म्हणजे काय खेळ आहे का? गेल्या पोळ्यापासून त्याच्या बायकोला, मनकर्णाबाईला, दर मंगळवारी आणि शुक्रवारी चंद्रपूरला डायलिसिसला न्यावं लागत होतं. जायचे सत्तर किलोमीटर, यायचे सत्तर. पोरगा अजय भद्रावतीला नोकरीवर, तो यायचा रविवारी. गावात एसटी येत नाही, फाटा चार किलोमीटरवर, आणि मशीनवरून उतरलेली बाई अंगण ओलांडतानाही मध्ये बसते. महिन्याच्या या आठ-नऊ फेऱ्या कोण मारणार होतं? म्हणून त्यानं ऑपरेशन पुढं ढकललं आणि मनाला सांगितलं, आधी गाडीचं पाहू.

आता गाडीचं काय झालं होतं, तेही सांगतो. दारात अजयनं घेऊन दिलेली चांगली, नवी गाडी होती. मार्चमधल्या एका मंगळवारी सकाळी तिच्यात एक पिवळा दिवा लागला आणि ती सुरूच होईना. मुखरूभाऊनं बॉनेट उघडलं तर आत सगळं प्लॅस्टिकनं झाकलेलं. चौतीस वर्षं हातात पाना धरलेला माणूस, पण पाना लावायचा कुठं तेच कळेना. फोनवर सांगितलं गेलं की कॉम्प्युटर लावून पाहावं लागेल. मंगळवार गेला. बुधवारी दिवेलागणीला मनकर्णाबाईचे पाय टम्म सुजले, तिला आडवं पडता येईना. भिंतीला पाठ लावून ती श्वास ओढत बसली, आणि हा समोर बसून नुसता पाहत राहिला. गुरुवारी पहाटे कोणाच्या तरी पिकअपमध्ये घालून तिला नेलं. दवाखान्यात डॉक्टर त्याला सगळ्यांसमोर बोलले. अजून एक दिवस उशीर झाला असता तर बाई गेली असती, म्हणाले.

कॉम्प्युटर लावल्यावर गाडी सुरू झाली, पण त्या दिवसापासून मुखरूभाऊनं ध्यास घेतला. पावसाच्या आत दारात दुसरी गाडी पाहिजे. पहिली रुसली तर दुसरी. आणि दुसरी अशी, की तिचं सामान गोंडपिपरीत मिळालं पाहिजे, आपल्या हातानं उघडता आली पाहिजे, आणि बॅटरी उतरलीच तर दोन माणसांच्या धक्क्यानं सुरू झाली पाहिजे. मागणी अगदी रास्त होती. फक्त गाड्या दोन झाल्या तरी चालवणारे डोळे तेच राहणार होते, हे त्या शहाण्याला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, म्हणून तर तो गाडीवर इतकं बोलायचा.

घरी असलेली सून उर्वशी एकदा बोललीही. ती सिंदेवाहीची. तिच्या बापाचा पिकअप होता, धानाची पोती भरून तिनं तो मिलपर्यंत कितीदा नेलेला, लायसन्सही होतं. सासऱ्याला ती मामाजी म्हणे. मामाजी, एखाद्या मंगळवारी मी घेऊन जाऊ का आईंना, असं तिनं हळूच विचारलं. मुखरूभाऊनं वरही पाहिलं नाही. हे काही पोतं नाही न्यायचं, एवढं बोलून तो बाहेर गेला. उर्वशीनं पुन्हा तो विषय काढला नाही.

एप्रिलभर तो गाड्या पाहत हिंडला. राजुऱ्याकडं एक डिझेल जीप होती. मालकाला न कळवता हा भल्या पहाटे जाऊन उभा राहिला आणि आधी बॉनेटवर हात ठेवला. बॉनेट गरम. म्हणजे थंड इंजिन सुरू व्हायला त्रास देते, म्हणून कोणीतरी आधीच तापवून ठेवली होती. चहासुद्धा न घेता परत आला. दुसरी गाडी नव्या नवरीसारखी चमकत होती, पण पायाखालची चटई उचलून वास घेतला तर ओलीचा कुबट वास. कुठल्यातरी पुरात उभी राहिलेली. तिसरी खरंच धडधाकट होती, पण इतकी उंच की मनकर्णाबाईला तिच्यात चढवायला दोन माणसं लागली असती.

या प्रत्येक फेरीला तो स्वतः गाडी चालवत गेला होता. समोरून ट्रक आला की त्याला नुसता पांढरा भपका दिसायचा. मग वेग कमी करायचा, कडेचा दगड चाकाखाली वाजला की कळायचं, डांबर संपलं. घरी येऊन बसला की शर्ट पाठीला चिकटलेला असायचा. उन्हाळा होता, घामाचं कोणाला नवल वाटलं नाही.

मग मे महिन्यात गोंडपिपरीच्या गोपालची व्हॅन विकायला निघाली. गोपालचं किराणा दुकान, व्हॅन जुनी पण एकहाती वापरलेली. बॉनेट थंड, आवाज साफ. मुखरूभाऊनं मान तिरपी करून पाच मिनिटं ऐकलं आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर समाधान आलं. सरकता दरवाजा होता, पायरी ठेंगणी, मागं बाईला लवंडता येईल एवढी जागा. बुधवारी दुपारी तो मनकर्णाबाईला घेऊनच गेला. तिला बसून बघू दे म्हणाला. ती मागं बसली, गोपाल बाजूला, आणि मुखरूभाऊनं व्हॅन कोठारीच्या रस्त्याला घातली.

चार वाजले होते. ऊन सरळ समोरून येत होतं. दोन्ही बाजूंनी साग, पानं झडलेला, सावलीचं नाव नाही. काच सगळी पांढरी झाली. मुखरूभाऊला वाटलं, सरळ रस्ता आहे, मोकळा आहे. गोपाल ॲव्हरेजचं सांगत होता. तिसऱ्या गिअरमधून चौथ्यात टाकली आणि मागून मनकर्णाबाईचा आवाज आला.

"थांबा. बाई हाय, बाई."

त्यानं पाहिलं नाही, नुसता पाय दाबला. व्हॅन किंचाळत, तिरपी होत थांबली. समोर, हात लांबवला तर लागेल इतक्या अंतरावर, एक बाई उभी होती. तेंदूपत्त्याची पुडकी घेऊन ती जमा करायच्या ठिकाणी, फळीवर, निघाली होती. डोक्यावरचं गाठोडं सुटून पुडकी रस्ताभर पसरली होती. तिनं मुखरूभाऊच्या सात पिढ्या काढल्या. काढणारच की. दिवसाढवळ्या, सरळ रस्त्यावर, लाल लुगड्यातली बाई ज्याला दिसत नाही त्याला दुसरं काय म्हणायचं?

गोपाल शेवटी विक्रेताच. "ब्रेक एकदम टाइट हायत, भाऊ," तो म्हणाला.

मागचा दरवाजा सरकला. मनकर्णाबाई धरत धरत उतरली, आधी त्या बाईची पुडकी गोळा करायला वाकली, पण धाप लागली म्हणून राहू दिली. ते काम गोपालनं केलं. मग ती चालत पुढं आली आणि खिडकीशी उभी राहिली.

"चावी काढा."

त्यानं काढली नाही. ऊन डोळ्यावर आलं होतं म्हणाला. तिनं खिडकीतून हात घालून स्वतःच चावी काढली.

"मले ठाऊक हाय जी. पोळ्यापासून ठाऊक हाय. पुढं बैल हाय, डावीकडं पोट्टं सायकलवर हाय, ब्रेकर आला, हे मी काऊन बोलून राह्यली होती? तुमाले वाटे, बुढी बडबड करते."

"ऑपरेशन केलं तर महिनाभर तुले कोण नेईन?" तो म्हणाला. "मेली असती तू. मार्चमधी मेलीच होती."

"आन आज ती बाई मेली असती. मग मी कोणाच्या तोंडाकडं पाह्यलं असतं?" ती म्हणाली. "दुसरी गाडी घ्या, नका घेऊ. मी तुमच्या गाडीत आता बसत नाई. मशीन सुटली तरी चालते."

हे ती चिडून बोलली नाही, आणि म्हणूनच मुखरूभाऊ घाबरला. चाळीस वर्षांच्या संसारात तिनं दिलेला शब्द फिरवल्याचं त्याला आठवत नव्हतं. शुक्रवार परवावर होता. गोपालनं दोघांना घरी आणून सोडलं.

संध्याकाळी तो उर्वशीसमोर जाऊन उभा राहिला. माफी वगैरे त्याला मागता आली नाही. उद्या सकाळी व्हॅन येते, चालवून दाखव, एवढंच बोलला.

गुरुवारी त्यानं सुनेची जी परीक्षा घेतली ती एकाही गाडीची घेतली नव्हती. कापणी झालेल्या धानाच्या बांधीतून, नाल्याच्या उतारावरून, फाट्यावरच्या गर्दीतून, मागं घे, चढावर थांबव, पुन्हा उचल. मान तिरपी करून ऐकत होता. गिअर एकदाही खरवडला नाही. एकही खोट काढता येईना, तेव्हा हॉर्न कमी वाजवतेस म्हणाला. उर्वशीनं हॉर्न वाजवला. दुपारी व्हॅन घेतल्याचं गोपालला कळवलं.

शुक्रवारी पहाटे तिघं निघाले. मुखरूभाऊ आयुष्यात पहिल्यांदा मागच्या सीटवर बसला, बायकोशेजारी. जाताना त्याचा उजवा पाय सारखा नसलेला ब्रेक दाबत होता. मनकर्णाबाईनं दोनदा त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

चार तास मशीनवर काढून ती बाहेर आली. चेहरा पार उतरलेला. व्हॅन निघाली, आणि बल्लारपूर यायच्या आतच तिची मान एका बाजूला पडली. तोंड उघडं पडलं, हात सीटवरून खाली लोंबला.

नऊ महिन्यांत परतीच्या रस्त्यावर मुखरूभाऊनं तिला असं कधी पाहिलं नव्हतं. त्यानं तिचं मनगट धरलं, खांदा हलवला, नाव घेऊन हाका मारल्या. थांबव, गाडी थांबव, दवाखान्यात परत फिरव, असं तो उर्वशीला ओरडला. उर्वशीनं व्हॅन कडेला घेतली.

मनकर्णाबाईनं डोळे उघडले. आधी पुढं पाहिलं, स्टेअरिंगवर कोण आहे ते. मग त्याच्याकडं.

"झोपू द्या ना जी," ती म्हणाली, आणि पुन्हा झोपली.

उर्वशी मागं वळली. "मामाजी, मशीनवरून उतरले की सगळेच पेशंट असे झोपतात. आपल्या आई गाडीत झोपत नाईत हे ऐकून सिस्टरले नवल वाटे. आज मले विचारून राह्यली होती, घरी जाऊन तरी झोपतात का म्हणून."

मुखरूभाऊनं बायकोकडं पाहिलं. अंगातलं सगळं त्राण मशीननं ओढून घेतल्यावर ही बाई सत्तर किलोमीटर डोळे ताणून रस्ता पाहत बसायची, दर मंगळवारी, दर शुक्रवारी, नऊ महिने, आणि आपण तिला म्हणायचो, जरा गप बस.

त्यानं तिचं डोकं उचलून आपल्या खांद्यावर घेतलं. हळू चालव, असं उर्वशीला सांगितलं. मग त्याला रडू आलं. ते त्यानं पुसलं नाही, कारण हात हलला असता तर ती जागी झाली असती.