पूजलेले तोफगोळे

तमाम जनतेस कळवण्यास अत्यानंद होतो की, खंडेनवमीला माझ्या मेहुण्याच्या कारखान्याने एक युद्ध दिवसभर खोळंबवून ठेवले!

झेंडू वाहिलेले तोफगोळे लढाईत गुंतलेल्या मित्रदेशाला निघायचे होते. पण पूजलेले हत्यार त्या दिवशी हलवत नाहीत, म्हणून कामगार ट्रक भरेनात. मेहुणा वैतागला, "अरे, मित्राची अडचण आहे!"

मी पेढा हातात धरून त्याच्याहून जास्त वैतागलो. शस्त्र कधी हलवू नये हे आम्हांला पाठ. ते कुणावर पडणार, हे मात्र कुणीच विचारत नाही. आजच्या सुट्टीने तिकडे कुणाचे तरी छप्पर उद्यापर्यंत टिकेल.

तेवढ्यात माझी बायको भावाला म्हणाली, "दादा, मग रोजच खंडेनवमी कर ना!"