शतावरीचे दोन पेले

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. धुळ्याहून असोद्याला सून म्हणून आले त्याला वर्ष होत आलं होतं आणि मला पाचवा महिना लागला होता. त्याच सुमारास माझी मोठी नणंद बाळंतपणासाठी पहूरहून माहेरी आली. तिचा सातवा सरत आलेला. तिला सगळे अक्का म्हणत, म्हणून मीही अक्काच म्हणायचे. घरात दोन दोन जिवांच्या दोघी झाल्यावर सासरे केळीच्या बागेतून आले की ओट्यावरच बसत, आत येताना आधी खाकरत.

सासूबाईंना मात्र कामाला हुरूप आला. सासऱ्यांना जळगावला पाठवून त्यांनी शतावरीची मुळी, सुंठ, बडीशेप मागवली. बांधावरच्या कडुनिंबावर चढलेला गुळवेल होताच, त्याची कांडी त्या स्वतः तोडून आणत. हे सगळं ठेचून रोज सकाळी पितळी पातेल्यात उकळायचं, निम्मं आटवायचं आणि गाळून दोघींना द्यायचं. अक्काचा पेला पितळेचा, माझा माहेरून आलेला काशाचा. दोन्हींवर वाटी झाकलेली असे, आणि चुलीपुढच्या धुरकट अंधारात आतलं काही दिसत नसे. पेले रिकामे होईपर्यंत सासूबाई चुलीपुढून हलत नसत, त्यामुळे काढा मोरीत ओतायची सोय नव्हती.

पहिल्या आठवड्यात तो काढा मला जहर लागला. पुढे तो गोडसर लागायला लागला. माझी जीभ सरावली, असं मी समजले आणि मनातल्या मनात स्वतःचं कौतुकही केलं. तरी रोज तोंड वाकडं करून घोट घोट प्यायचे. सुनेनं फार सुखानं प्यालेलं बरं दिसत नाही, असा माझा हिशेब. अक्का मात्र डोळे घट्ट मिटून एका दमात पेला संपवायची. तिचे ते मिटलेले डोळे पाहून मला खात्रीच वाटू लागली की तिच्या पेल्यात काहीतरी खास आहे. लेकीचाच पेला तो. बदाम असेल, केशर असेल, निदान तूप तरी. एकदा शंका शिरल्यावर मला तिच्या गालांवरही तेज दिसायला लागलं.

महिनाभर मी हे पोटात ठेवलं. मग एका सकाळी दावं तोडून वासरू अंगणात आलं आणि वाळत घातलेल्या ज्वारीत तोंड घालू लागलं. सासूबाई काठी घेऊन धावल्या. चुलीपुढे आम्ही दोघी आणि दोन झाकलेले पेले. मी जमेल तेवढ्या गोड आवाजात अक्काला म्हटलं, आज सहज अदलाबदल करून पाहू. मला वाटलं होतं ती आढेवेढे घेईल. पण माझं वाक्य पुरं व्हायच्या आत काशाचा पेला तिच्या हातात होता. नंतर तिनं कबूल केलं की मी घोट घोट पिते ते चव पुरवून पुरवून घ्यायला, असंच तिला वाटत होतं.

मी तिच्यासारखाच एका दमात पेला तोंडाला लावला. पहिल्या आठवड्यातलं ते जहर, तसंच्या तसं, थेट घशाखाली गेलं. डोळे आपोआप घट्ट मिटले. उघडले तेव्हा अक्का ओठांवरून जीभ फिरवत माझ्याकडे बघत होती.

"दूध हाये याच्यात," ती हळूच म्हणाली. "खडीसाखर हाये. अन् वेलदोडाही."

मग तिनं तो पेला तळापर्यंत संपवला, तळाची साखर बोटानं चाटली, आणि मगच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाई काठी टेकत आत आल्या, तर लेक रडते आहे आणि सून तोंड धरून बसली आहे. अक्कानं काशाचा पेला त्यांच्यापुढे ठेवला आणि पोटच्या पोरीला असं का, एवढंच विचारलं.

सासूबाईंनी काठी कोपऱ्यात ठेवली, पदरानं तोंड पुसलं. मुळीच न ओशाळता म्हणाल्या, "लेकीले कडू देल्लं त लेक घरातच रुसते. सुनेले कडू देल्लं त धुयाहून कारड येते."

आता लाजायची पाळी माझी होती. पहिल्या आठवड्यातच मी आईला पोस्टकार्ड टाकलं होतं की इथला काढा फार कडू आहे. आईनं सांगितलं, वडिलांनी लिहिलं, आणि उत्तर थेट सासऱ्यांच्या नावावर आलं: मुलगी कडवटाला नाजूक आहे, सांभाळून घ्यावे. सासऱ्यांनी ते ओट्यावर बसून, येणाऱ्याजाणाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं होतं. जिभेच्या सरावाचं श्रेय मी उगीच घेत होते.

अक्का रडता रडता हसायला लागली. पोट धरून हसली, इतकी की सासूबाई घाबरून तिला आडवी व्हायला सांगू लागल्या. दुसऱ्या दिवसापासून दोन्ही पेल्यांत सारखंच दूध पडू लागलं, मात्र एका पेल्यापुरतं होतं तेच दोघींत वाटून. अर्धा कडू, अर्धा गोड असा तो काढा आम्ही शेजारी बसून, दोघीही तोंड वाकडं करून प्यायचो. त्या तीन-चार आठवड्यांत अक्का नणंद राहिली नाही, मैत्रीण झाली. तिला मुलगी झाली, आणि बारशाच्या घुगऱ्या खाऊन मी आठव्यात धुळ्याला गेले.

माहेरी पहिल्याच सकाळी आईनं माझ्यापुढे पेला ठेवला. एक घोट घेतला आणि मी खालीच ठेवला. दूध नाही, साखर नाही, वेलदोड्याचा वासही नाही. मी आईला तिच्या कार्डाची आठवण करून दिली. नाजूक मुलगी, सांभाळून घ्यावे, सगळं तोंडपाठ म्हणून दाखवलं.

आई भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "तठे तू सून व्हती. आठे मनी पोर शे. नाक धर आनि पी."

मी नाक धरलं आणि प्यायले. इथे मी सून नव्हते, तिची पोर होते; तोंड कितीही वाकडं करायची मला मुभा होती. मुलगा होईपर्यंत ती मी रोज वापरली.