ताईचा क

दुपारी जेवणं आवरली की माझी मोठी बहीण खिडकीपाशी दुरेघी वही घेऊन बसते. अर्धांगाच्या झटक्यात ताईचा उजवा हात गेला. आता त्याच हाताने ती रोज पानभर 'क' काढते. तीस वर्षं शाळेतल्या फळ्यावर वळणदार अक्षरं लिहिणाऱ्या बाईचा 'क' आता चिरडलेल्या किड्यासारखा दिसतो.

त्या दुपारी मी तिच्याकडे बघत बसलो होतो, कारण माझ्या कादंबरीच्या कोऱ्या पानाकडे बघवत नव्हतं. सहा महिन्यांत एकही प्रकरण पुढे सरकलं नव्हतं.

"आज किती लिहिलंस?" तिने विचारलं.

"सुचतच नाहीये, ताई."

"मला तरी कुठे काय सुचतंय? रोज आपला तोच क." ती हसली. हसू अर्ध्याच चेहऱ्यावर उमटलं.

मला ते सोसवेना. मी म्हणालो, "तुझा हात आता सुधारायचा नाही. डॉक्टरांनी मला केव्हाच सांगितलंय."

बोलून गेल्यावर कळलं, थांबलेल्या माणसाला दुसऱ्याचं चालत राहणं किती खुपतं.

ताईची पेन्सिल क्षणभर थबकली. "ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "त्या दिवशी दार उघडंच होतं."

मग डाव्या हाताने उजवं मनगट उचलून तिने ते पुढच्या ओळीवर ठेवलं.

मी खोलीत जाऊन संध्याकाळपर्यंत एक पान लिहिलं. त्यात जीव नव्हता, हे पहिल्या ओळीलाच समजलं होतं. तरी पुरं केलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक लिहिलं, तेही तसंच. कादंबरी आता पुढे सरकते आहे. ताईची माफी मात्र मी अजून मागितलेली नाही.