वाकायचं नाही असा पंप

वडशाच्या शेती अवजारांच्या दुकानात तो माणूस मला एकदाच भेटला. आमच्या चराईच्या जागेत कमरेएवढा तरोटा माजला होता, गवत पार दडपून गेलं होतं, म्हणून मी ट्रॅक्टरमागे ओढायचा फवारणी पंप घ्यायला गेलो होतो. टाकी केवढी, फवारा किती दूर जातो, एवढंच मी पाहत होतो.

त्याची पाहणी निराळीच होती. ट्रॅक्टरच्या सीटएवढ्या उंच स्टुलावर बसून, हात मागे नेऊन, पंपाची कळ तिथूनच फिरते का ते तो बघत होता. मधूनच गर्रकन मान वळवायचा. पंपामागे तर नुसत्या खताच्या गोण्या होत्या.

"नोझल बुजलं तं खाली उतरून वाकाव लागते का?" त्याने विचारलं.

दुकानदार हसला. "दोन मिनिटाचं काम हाय भाऊ."

"मिनिटं नाई विचारून राह्यलो."

मला वाटलं, आळशी दिसतो. मी म्हटलं, "काऊन भाऊ, कंबर दुखते का?"

"माहा भाऊ पाठीवरचा पंप भराले नाल्यावर वाकला होता," तो हळूच म्हणाला. "वाकलेला माणूस वाघाले जनावरच दिसते."

त्याला हवा तसा पंप तिथे नव्हता. तो निघून गेला.

मी माझा पंप घेतला. बाहेर आलो तर हातातून गाडीची चावी पडली. दुपारची वेळ होती, रस्ता माणसांनी भरलेला होता. तरी वाकण्याआधी मी मागे वळून पाहिलं.