कवळीवाले मामा आणि सात धक्क्यांची गोष्ट

माझे मामा कवळ्या करायचे. ते दातांचे डॉक्टर नव्हते. गावातले दोन डॉक्टर हिरड्यांचं माप घेऊन मामांकडे पाठवायचे, आणि तिथून पुढचं सगळं मामांचं: प्लास्टरचा साचा, मेणाची कवळी, एकेक दात बसवणं, घासणं, चमक आणणं. घड्याळजीच्या दुकानावरच्या मजल्यावर त्यांची खोली होती. खिडकीशी टेबल, टेबलाला लावलेली घासायची मोटर, भिंतीवर दात ठेवायचे चपटे खण, आणि माणसांना बसायला एक लांब बाक. खोलीत मेण आणि ओल्या प्लास्टरचा वास कायम असायचा. मामी म्हणायची, "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. आमच्या ह्यांनी भरून दाखवलं."

पक्की कवळी करण्याआधी मेणावर दात बसवून ती तोंडात घालून बघावी लागते. दात दिसतात कसे ते आरशात कळतं, पण बोलताना काय होतं ते बोलल्याशिवाय कळत नाही. म्हणून मामा समोरच्या माणसाला साठापासून सत्तरापर्यंत मोजायला लावत. साठ, एकसष्ट, बासष्ट. सगळा 'स'चा बाजार. वरचे दात केसभर जरी पुढे आले असले तरी 'स'ची शिट्टी व्हायची, आणि मामांना कुठे किती मागे घ्यायचं ते कळायचं.

एकदा एक म्हातारा नावाडी आला. मामा म्हणाले, "काका, साठापासून मोजा."

"आकडे माझ्या तोंडात बसत नाहीत," नावाडी म्हणाला. "गोष्ट सांगू का?"

मामांना काय, 'स' आल्याशी मतलब. म्हणाले, सांगा. नावाड्यानं एका पुराची गोष्ट सांगितली. त्याच्या आजोबांनी एका झाडाला नाव बांधून त्यात अकरा माणसं, दोन शेळ्या आणि एक रुसलेली नवरी तीन दिवस कशी सांभाळली, ती. नवरी नावेत बसायलाच तयार नव्हती, कारण आधी बसलेल्यांत तिची सासू होती. गोष्ट संपली तेव्हा मामांच्या लक्षात आलं की आपण 'स' ऐकलाच नाही. "काका, पुन्हा सांगा," ते म्हणाले. नावाड्यानं पुन्हा सांगितली. या वेळी शेळ्या तीन झाल्या.

त्या दिवसापासून मामांनी आकडे सोडले. येईल त्याला ते म्हणायचे, "तुमच्या घरात सांगायचे ती एखादी गोष्ट सांगा." कामाच्या वहीत डाव्या पानावर दातांचं लिहायचे, 'वरचा डावा सुळा थोडा आत'. उजव्या पानावर गोष्ट लिहायचे, माणूस बोलला तश्शी. शब्द सुधारायचा नाही, हा त्यांचा एकच नियम. मी एकदा त्यांच्या वहीतलं 'हुबं' खोडून 'उभं' केलं तर मामा पहिल्यांदा आणि शेवटचे माझ्यावर रागावले. म्हणाले, "ते त्या बाईचं आहे. तुझं नाही."

म्हातारी माणसं खुलून बोलायची, याचं कारणही होतं. दात गेल्यावर माणूस गप्प होतो. शब्द ओठांतून निसटतात, नातवंडं हसतात, मग नकोच ते बोलणं असं वाटतं. कवळी बसली की कित्येक महिन्यांनी आपला आवाज आपल्यालाच ऐकू येतो. अशा वेळी समोर एक माणूस सांगा म्हणून बसलेला असला तर कोण सोडेल! मामी वैतागायची. "सगळ्या गावाच्या तोंडी लागतात, आणि घरी आले की तोंड बंद." ते खरं होतं. मामा स्वतः कधी गोष्ट सांगत नसत. नुसतं "हं" म्हणायचे, पण तो "हं" इतक्या परींनी म्हणायचे की सांगणाऱ्याला पुढे जावंच लागायचं.

अशा सव्वीस-सत्तावीस वह्या भरल्या, तेव्हा ती दोन बायकांची गोष्ट घडली.

आधी आली ती नणंद. पंच्याहत्तरीची, ताठ, आयुष्यभर हातमागावर बसलेली. बाकावर बसतानासुद्धा पाय मागाच्या पट्ट्यांवर असल्यासारखे ठेवायची. तिनं मामांना सात धक्क्यांची गोष्ट सांगितली. एका बहिणीचा भाऊ नदीवरून वर निघून गेला आणि परतला नाही. बहीण त्याला शोधत काठाकाठानं चालली. वाटेत होड्या लागायचे सात धक्के. रंगाऱ्यांचा, दोरवाल्यांचा, दगडफोड्यांचा, असे. प्रत्येक धक्क्यावर ती भावाचा ठाव विचारते आणि तिथली माणसं आपापल्या कामाच्या भाषेत उत्तर देतात. पण नणंदेची गोष्ट चमत्कारिक होती. मध्येच उत्तर यायचं आणि प्रश्नच नसायचा. जिथं प्रश्न हवा तिथं ती गप्प बसायची, ओठ मिटून, आणि थोड्या वेळानं पुढचं सुरू करायची.

"मावशी, इथं काय राहिलं?" मामांनी विचारलं.

"तिथं माझं काही नाही," ती म्हणाली.

दोन आठवड्यांनी दुसरी आली. गोल चेहऱ्याची, हसरी, त्याच मागांच्या कारखान्यात सूत भरायचं काम केलेली. तिनंही सात धक्क्यांचीच गोष्ट सांगायला घेतली, पण तिच्याकडे नुसते प्रश्न! 'रंगारीदादा, हात निळे कशानं?' असं विचारायची, थांबायची, आणि पुढचा प्रश्न. त्या संध्याकाळी मामांनी दोन्ही पानं शेजारी ठेवली. एकीच्या गप्प बसण्यात दुसरीचा प्रश्न नेमका बसत होता, वरच्या दातांत खालचे बसावेत तसा. ही गोष्ट दोघींनी मिळून सांगायची होती. एकीनं विचारायचं, एकीनं सांगायचं.

मामांनी घड्याळजीकडे चौकशी केली. घड्याळजीला सगळ्या गावाची वेळ ठाऊक होती आणि काळही. त्यानं सांगितलं, या नणंद-भावजया. चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात ही गोष्ट सांगायच्या, आणि आजूबाजूच्या बाया ओठांवरून वाचायच्या. अकरा वर्षांपूर्वी नणंदेचा भाऊ, म्हणजे भावजयीचा नवरा, आजारात गेला. तेव्हापासून दोघी एकमेकींचं तोंड बघत नाहीत. एकाच गल्लीत राहतात, पण एक नळावर आली की दुसरी घागर उचलून घरी.

मामा कधी कुणाच्या भानगडीत पडले नव्हते. या वेळी पडले. दोघींनाही मंगळवारी दुपारी तीनची वेळ दिली. मी त्या दिवशी खोलीवर होते. टाइपिंगची नोकरी लागायची होती म्हणून मी मामांच्या वह्या टाइप करून हात बसवत होते.

भावजय आधी आली, खुर्चीत बसली. तेवढ्यात नणंद जिना चढून वर आली, दारातच थबकली.

"मी मग येते," ती म्हणाली.

"मावशी, तुमची कवळी मेणात आहे, ऊन वाढलं तर दात हलतील," मामा म्हणाले. ही शुद्ध थाप होती. नणंद बाकाच्या पार टोकाला बसली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

मामांनी भावजयीच्या तोंडात मेणाची कवळी घातली आणि गोष्ट सांगायला सांगितली. ती बिचारी नणंदेकडे बघत कशीबशी म्हणाली, "दोरवाल्या काका, दोर कशाचा वळता?" आणि थांबली. कुणी उत्तर देईना. तेव्हा मामांनी वहीत बघून, पुढे स्वतःचं 'बाई गं' जोडून, नणंदेचं उत्तर वाचायला घेतलं. "बाई गं, आम्ही दोर वळतो अंबाडीचा..."

"असं नाही!" बाकावरून आवाज आला. नणंदेच्या तोंडात एकही दात नव्हता, पण शब्द खणखणीत. "बाई गं म्हणत नाही तो. आधी तो तिच्याकडे बघतच नाही. दोर वळणारा माणूस मान वर करत नाही, पीळ सुटतो. खाली बघून सांगतो." आणि तिनं खाली बघून सांगितलं, भिजवलेली अंबाडी, तिचा वास, पीळ देताना म्हणायचे आकडे, आणि एक मुलगा ओला दोर खांद्यावर घेऊन वर गेला होता ते.

खोलीत मोटर बंद होती. भावजयीनं हळूच पुढचा प्रश्न विचारला. नणंदेनं उत्तर दिलं. मला टाइप करायचं भान राहिलं नाही. मामांनी डोळ्यांनी खूण केली तेव्हा मी वही ओढून हातानं लिहू लागले. दगडफोड्यांचा धक्का झाला, मिठाच्या होड्यांचा झाला. एक दात नसलेली, दुसरी मेणाचे दात सांभाळत बोलणारी. मध्येच भावजयीचा एक दात निखळून तिच्या मांडीवर पडला. तो मामांनी उचलला आणि मुठीत धरून ठेवला.

सातव्या धक्क्यावर दोघी थांबल्या.

भावजयीनं विचारायचं होतं, 'भाऊ भेटला का?' ती विचारेना. नणंद म्हणाली, "विचार ना. तेव्हा नाही विचारलंस. तेव्हा आपलंच सांगितलंस."

मग कळलं. नणंदेचा भाऊ शेवटचा आजारी असताना दोघींनी त्याच्या उशाशी बसून ही गोष्ट सांगितली होती. नणंदेच्या आईकडून आलेल्या गोष्टीत भाऊ भेटत नाही. सातव्या धक्क्यावर त्याच्या वहाणा असतात, आणि बहीण परत फिरते, प्रत्येक धक्क्यावर त्याची गोष्ट सांगत. त्या दिवशी भावजयीनं प्रश्न न विचारता स्वतःच सांगून टाकलं की भाऊ धक्क्यावरच बसलेला होता, म्हणाला, ताई, उशीर केलास.

"माझ्या भावाला खोटं सांगून पाठवलंस," नणंद म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आईची गोष्ट होती ती."

"वन्सं," भावजय म्हणाली, आणि मेणाची कवळी तोंडातून काढून हातात घेतली, जणू हे दुसऱ्याच्या दातांनी बोलायचं नव्हतं. "तुम्ही उठून गेलात. दाराबाहेर गेलात. मग ते माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, शेवट बदललास तू. ताई आता वर्षभर बोलायची नाही तुझ्याशी."

नणंद तिच्याकडे वळली.

"त्याला कळलं होतं?"

"त्यांनी काय लहानपणापासून ऐकली नव्हती का ती! म्हणाले, पण बरं वाटलं ऐकून. एवढं ताईला सांग. मी सांगायला आले होते तेराव्या दिवशी. तुम्ही दार लावून घेतलंत."

नणंदेनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "वर्षभर म्हणाला होता. आपण अकरा केली." आणि बोळक्या तोंडानं हसली. भावजय हसली, आणि हसता हसता दोघी रडल्या. मामा खिडकीशी जाऊन, कारण नसताना, एक साचा घासत बसले.

त्यांनी वहीत दोन्ही शेवट लिहिले. डाव्या पानावर आईचा, उजव्या पानावर भावजयीचा. त्या एका गोष्टीपुरता दातांचा हिशेब कुठल्याच पानावर आला नाही, आणि म्हणून भावजयीची कवळी पुढे दोनदा दुरुस्त करावी लागली.

मी ती गोष्ट टाइप करून वाचनालयात नेली. तिथल्या बाईंनी ती वाचली आणि म्हणाल्या, "वाचून काय होणार? त्या दोघींनाच बोलवा." पहिल्या रविवारी एकोणीस माणसं आली. त्यातले नऊ मामांचे दात घालून आले होते. दुसऱ्या महिन्यात खुर्च्या पुरल्या नाहीत. रंगाऱ्यांच्या धक्क्यावर नणंदेनं निळीच्या हौदाला जो शब्द वापरला तो ऐकून मागच्या रांगेतले एक पेन्शनर उठून उभे राहिले. म्हणाले, हा माझ्या आजोबांचा शब्द, पन्नास वर्षांत ऐकला नव्हता. मग ते खाली बसेनात, आजोबांचंच सांगत सुटले. नावाडीकाकाही आले. तोवर शेळ्या पाच झाल्या होत्या. वाचनालयाच्या बाई सगळं रेकॉर्ड करून ठेवू लागल्या, आणि कपाटावर चिठ्ठी लावली, 'बोललेलं'. श्रोत्यांनी कुठला शेवट हवा ते सांगायचं, अशी पद्धत आपोआप पडली. बहुतेक लोक भावजयीचा मागायचे. ज्यांच्या घरात नुकतंच कुणी गेलेलं असे, ते मात्र बहुधा आईचा मागत. याचं मला अजून नवल वाटतं.

मामांचा हात एकाहत्तराव्या वर्षी कापू लागला. त्यांनी खोली घड्याळजीला दिली आणि त्रेचाळीस वह्या वाचनालयाला. कुणी त्यांचा सत्कार करायचं काढलं तर म्हणाले, "मी काय केलं? ऐकलं. ऐकायला काय लागतं?" मामी शेजारून म्हणाली, "लागतं हो. घरी करून बघा एकदा." सगळे हसले, मामाही.

भावजय तीन वर्षांपूर्वी गेली, झोपेत, शांतपणे. त्यानंतर चार महिने नणंद वाचनालयात आली नाही. मग एका रविवारी आली, पुढच्या खुर्चीत बसली आणि मला हाक मारली. "तू लिहिलीस ना सगळी? मग प्रश्न तुला पाठ असतील. ये, बस."

मी शेजारी बसले. पाठ होतेच. पहिला प्रश्न विचारला, तिनं उत्तर दिलं आणि तिचं वाक्य संपतं न संपतं तोच मी घाईनं दुसरा विचारला. नणंदेनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"थांब जरा," ती म्हणाली. "पुढचा धक्का लांब आहे. तिला तिथवर चालत तर जाऊ दे."

मी थांबले. समोरचे लोकही थांबले. ती डोळे मिटून बसली होती आणि तिचे पाय खाली हलके हलत होते. बऱ्याच वेळानं तिनं मान डोलावली, तेव्हा मी विचारलं.